काटा येईना झालाय

राजमती मगदूम हिला ते अकरा प्रश्न झोपेतसुद्धा विचारता आले असते. नाक वाहतं का, जांभया येतात का, पोटात मुरडा येतो का, हाडं दुखतात का, असं करत करत नववा प्रश्न यायचा, अंगावर काटा येतो का. मिरजेच्या एका उपचार केंद्रात ती सतरा वर्षं नर्स होती. दुखण्याच्या गोळ्या, पावडर, खोकल्याचं औषध, अशा अफूच्या जातीच्या नशेत अडकून आता बाहेर पडू पाहणारी माणसं तिथं यायची. दर महिन्याला त्यांना हे अकरा प्रश्न विचारायचे. अकराही उत्तरं 'नाही' आली, की औषध पुरतंय असं समजायचं. मग यादीबाहेरचा एक बारावा प्रश्न असायचा. या उपचारावर तुम्ही किती समाधानी आहात? दहापैकी आकडा सांगा.

हा बारावा प्रश्न ज्यानं कुणी तयार केला, तो आपल्या भागात कधी कुणाच्या घरी जेवला नसावा. आपल्याकडे पाहुण्याला 'पोट भरलं का' म्हणून विचारलं, तर तो उपाशी असला तरी 'भरलं' म्हणतो. समाधानी आहात का असं विचारणं म्हणजे तुम्ही भला माणूस आहात का असंच विचारणं, आणि त्याला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. त्यामुळे केंद्राचा समाधानाचा आकडा साडेनऊच्या खाली कधी उतरला नव्हता. आणि दर तिसरा पेशंट वर्षाच्या आत यायचा बंद व्हायचा. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायला कुणाला सवड नव्हती, राजमतीलाही नव्हती.

सन दोन हजार त्रेचाळीसच्या जानेवारीतल्या एका सोमवारी लियाकत शिकलगार तिच्यासमोर बसले होते. वय अठ्ठावन्न. चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या घरातले. सांगली रस्त्यावर टेम्पोनं उडवलं, कंबर मोडली, ऑपरेशननंतर गोळ्या सुरू झाल्या आणि दुखणं थांबलं तरी गोळ्या थांबल्या नाहीत, ही त्यांची गोष्ट. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं होतं.

"जांभया?" राजमतीनं विचारलं.

"न्हाई."

"अंगावर काटा?"

"न्हाई येत."

"छान," राजमती म्हणाली आणि तिनं हिरवी खूण केली. "आणि समाधान किती?"

"धा लिवा की. तुमचं लई उपकार हाईत आमच्यावर."

तिनं दहा लिहिले. लियाकतभाईंनी शर्टाची बाही खाली घेतली, बटण लावलं, उठले आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन बसले.

"सिस्टर, हे दंडातलं काढून मिळंल का?"

दंडातलं म्हणजे 'सोबती'. खारकेच्या बीएवढं एक यंत्र. ते कातडीखाली बसवतात आणि त्यात सहा महिन्यांचं औषध भरलेलं असतं.

ते काय करतं हे सांगायचं तर थोडं शरीराबद्दल बोलावं लागेल. आपल्या मेंदूत अफूच्या जातीच्या रसायनांसाठी खास जागा असतात. बाहेरची अफू पोचण्याआधीपासूनच त्या असतात, कारण शरीर स्वतःच असं थोडं रसायन बनवत असतं. ठेच लागली की ते दुखणं झाकतं आणि काही मनाजोगतं झालं की तेच सुखाची लहर उठवतं. गोळ्या घेत राहिलं, की या जागा गोळीच्या भरवशावर बसतात आणि शरीर आपला माल बनवणं कमी करतं. मग गोळी थांबली की त्या रिकाम्या जागा माणसाला पिळून काढतात. नाक वाहतं, हाडं मोडून येतात, अंगावर काटा उभा राहतो. हे सहन न होऊन माणूस पुन्हा गोळीकडं धावतो, आणि मधल्या काळात सवय उतरलेली असल्यानं जुनीच मात्रा त्याचा श्वास बंद करते.

सोबती हे होऊ देत नव्हता. तो घाम, नाडी, कातडीचं तापमान आणि केसांची हालचाल क्षणाक्षणाला वाचायचा. माणसाला ओढ जाणवायच्या आधीच त्याला तिची चाहूल लागायची आणि तो औषधाचा एक बारीक थेंब सोडून ती जागा भरून टाकायचा. सोबती आल्यापासून केंद्राच्या पेशंटांत गोळ्यांनी दगावणारे निम्म्याहून कमी झाले होते. राजमतीनं त्याआधीची वर्षं पाहिली होती. त्या एवढ्याशा यंत्राबद्दल तिला मनापासून आदर होता, आणि तो रास्त होता.

म्हणून लियाकतभाईंचा प्रश्न ऐकून तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. नियम असा होता की शुद्धीवरच्या माणसानं लेखी मागितलं तर सात दिवसांत सोबती काढून द्यावाच लागतो. गेल्या वर्षी दोघांनी असाच हट्टानं काढून घेतला होता. दोघंही आज नव्हते.

"त्रास होतोय का काही?" तिनं विचारलं.

"न्हाई न्हाई. समाधान हाय," लियाकतभाई म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला अर्ज काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

डॉक्टर ओजस बिडकर तरुण होते, हुशार होते आणि पेशंटवर जीव टाकणारे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मगदूम सिस्टर, दहापैकी दहा देणारा माणूस काढा म्हणतो, याचा अर्थ एकच. गोळी परत बोलावतेय."

"तसं वाटत नाही सर. नजर चुकवत नव्हते."

"मग कारण का सांगत नाहीत?"

पुढच्या सोमवारपर्यंत ते कारण शोधायचं, एवढंच राजमतीनं ठरवलं.

मंगळवारी ती सतारमेकर गल्लीत गेली. दार उघडलं ते लियाकतभाईंच्या बायकोनं. आसमाभाभींनी तिला आत घेतलं, चहा टाकला आणि चहा उकळायच्या आत बोलून मोकळ्या झाल्या.

"सिस्टर, बसवायच्या येळंला सही मी केलती. ह्यास्नी तवा शुद्ध कुठं हुती? आता काढायला मी सही करनार न्हाई. काय नियम असंल तो असू दे."

"त्यांना स्वतःच्या सहीनं काढता येतो, भाभी."

"मग मी दारात आडवी पडनार." त्यांनी पदरानं भांडं उतरवलं. "लाकडाच्या भुश्श्यात पडलं हुतं हे. ओठ जांभळं. मी हाक मारली, तोंडावर पानी मारलं. हूं न्हाई की चूं न्हाई. शेजारच्यांनी नाकात उताऱ्याचं औषिध मारलं म्हनून आज मी तुमास्नी चहा देतीया. ते परत बघायचं न्हाई मला. तंबोरं नाय वाजलं तरी चालंल."

शेवटचं वाक्य राजमतीला खटकलं. तंबोऱ्याचा इथं काय संबंध? कपबशी हातात घेऊनच ती मागच्या कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेले भोपळे, अर्धवट दांड्या, आणि मधोमध चटईवर लियाकतभाई. त्यांच्यापुढं तंबोऱ्यांची एक जोडी आडवी ठेवली होती, आणि ते तिच्याकडं नुसते बघत बसले होते.

"सुरेख आहे जोडी," राजमती म्हणाली.

"परत आलीया," लियाकतभाई म्हणाले. "धारवाडच्या एका बाई गातात, त्यांनी पाठवली. चिठ्ठी लिवलीया. दोन्ही सुरात आहेत, पण बोलत नाहीत." त्यांनी पुढ्यातल्या तंबोऱ्यावर हात ठेवला. "चाळीस वर्सांत ह्या हातातनं गेलेलं वाद्य परत आलं नव्हतं, सिस्टर."

मग त्यांनी तिला घोडी दाखवली. भोपळ्याच्या वर, तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी. वरून सपाट दिसते, पण केसाएवढा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या हलक्या घासण्यातून एका सुराच्या पोटातले दहा सूर बाहेर पडतात. तो उतार कानशीनं घासून साधणं म्हणजे जवारी काढणं. एक हात कमी पडला तर आवाज मुका राहतो, एक हात जास्त झाला तर घोडी फेकून द्यायची.

"मग थांबायचं कधी, हे कसं कळतं?"

"बाकीचे आता मोबाइलवर बघत्यात. त्यो बरोबरच दावतो, खोटं कशाला बोलू? पर आमच्या वडलांनी शिकवलं ते येगळं. कानानं पोचायचं आन कातडीनं थांबायचं." त्यांनी बाही वर सारली आणि मनगटाच्या वरची जागा दाखवली. "हितं काटा आला, की कानस खाली ठिवायची. मग देव जरी आला तरी परत उचलायची न्हाई."

"आणि आता?"

"आता काटा येईना झालाय."

राजमतीनं कपबशी खाली ठेवली.

चौदा महिने हा माणूस तिला सांगत होता, काटा येत नाही. चौदा वेळा तिनं 'छान' म्हणून हिरवी खूण केली होती. 'येत नाही' ही नुसती माहिती असते. 'येईना झालाय' असं आपण त्याच्याबद्दल म्हणतो ज्याची आपण वाट बघत बसलेलो असतो. अकरा प्रश्नांच्या यादीत वाट बघण्याला रकाना नव्हता.

"मला सांगायचं नाही का, लियाकतभाई?" तिचा आवाज जरा चढलाच.

"सांगितलं की. दर महिन्याला. तुमी म्हनायचासा छान." ते हसले, पण त्या हसण्यात रुसवा नव्हता. "मला वाटलं, आसंच असतंय ह्ये. आन खरं सांगू? ज्यांनी मला मरता मरता वढून काढलं, त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं सांगू, का काटा येईना म्हनून? लोक हसतील. बायको म्हनते तंबोरं नाय वाजलं तरी चालंल. तिचं बरोबर हाय. पर सिस्टर, मी ह्यातनं उठून दुसरं काय करू? मला दुसरं कायबी येत न्हाई."

राजमतीला त्या क्षणी त्यांचं फार कौतुक वाटलं. गोळी हवी म्हणून रडणारी माणसं तिनं रोज बघितली होती. जिवावर बेतेल हे माहीत असून आपल्या कामासाठी जीव पणाला लावणारा, आणि वर त्याबद्दल कुणाला तोशीस नको म्हणून समाधानाचे दहा मार्क देणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

"सुरवातीला दोनतीनदा आला हुता काटा," ते कानस पुसत म्हणाले. "येतो येतो म्हनंपर्यंत अंगावर कुनीतरी जाड गोधडी टाकल्यागत झालं. समदं गप. मग त्योबी बंद झाला."

गोधडी. राजमती परत येईपर्यंत त्या एका शब्दाचा विचार करत होती. केंद्रात येऊन तिनं त्यांच्या सोबतीची नोंद उघडली. यंत्र प्रत्येक थेंबाची वेळ लिहून ठेवायचं. ती वेळ वाचायला मात्र आजवर कुणी बसलं नव्हतं, कारण सगळे आकडे हिरवे होते. चौदा महिन्यांत मात्रा हळूहळू दुपटीवर गेली होती. वाढीचे थेंब जवळजवळ सगळे सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान पडले होते. आणि शुक्रवारी एकही नव्हता.

शुक्रवारी कारखाना बंद असतो, हे तिला माहीत होतं.

बुधवारी सकाळी तिनं डॉक्टरांना जवळजवळ ओढतच गल्लीत नेलं. ओजस बिडकरांच्या हातात सोबतीची नोंद जागच्या जागी दाखवणारी पाटी होती आणि चेहऱ्यावर शंका. लियाकतभाईंनी त्यांना बसायला पाट दिला आणि धारवाडची घोडी पुढ्यात घेतली.

अर्धा तास काहीच झालं नाही. तार छेडायची, ऐकायचं, तार बाजूला घ्यायची, घोडीवर कानशीचा एक हात फिरवायचा, पुन्हा तार. आवाज आधी बोथट होता. मग त्याला कड आली. मग त्या आवाजाच्या आतून दुसरा एक आवाज डोकं वर काढू लागला. डॉक्टरांनी पाटीवरून नजर काढून घोडीकडं बघितलं. लियाकतभाईंची मान ताठ झाली, डोळे मिटले.

पाटी बारीक वाजली आणि तिच्यावर अक्षरं उमटली. दहा बावन्न. केस उभे राहण्याची सुरुवात. औषध कमी पडत आहे. मात्रा वाढवली.

लियाकतभाईंना अजून काही जाणवलंसुद्धा नव्हतं. ते आणखी दोनदा तार छेडत राहिले. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, चेहऱ्यावरची ओढाताण विरली. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती शांत माणूस आहे. त्यांनी डोळे उघडले आणि कानस खाली ठेवली.

"गेलं," ते म्हणाले.

ओजस बिडकरांनी पाटी बाजूला ठेवली. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. थंडी वाजली की तो आवळतो, भीती वाटली की आवळतो, गोळी न मिळाल्यानं शरीर पेटलं की आवळतो, आणि सूर लागला तरी तोच आवळतो. त्या स्नायूला कारण माहीत नसतं. सोबती त्या स्नायूवरून कारण ओळखायचा, आणि त्याला एकच कारण शिकवलेलं होतं. ज्या घटकेला या माणसाचं शरीर स्वतःच्या बळावर सुखाची लहर उठवत होतं, त्याच घटकेला यंत्र त्याला आजारी समजून औषध पाजत होतं.

"काका," डॉक्टर शेवटी म्हणाले, "मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला होता. चुकलो."

"राहू द्या ओ. तुमी राती जागला म्हनून मी हाय," लियाकतभाई म्हणाले.

डॉक्टरांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. काट्याचं वाचन बंद करता येतं का? येत नाही. मात्रा एका जागी बांधून ठेवता येते का? तशी सोय नाही, पुढच्या आवृत्तीत विचार करू. फोनवरचा माणूस सौजन्यानं बोलला आणि शेवटी म्हणाला की आपल्या संभाषणावर आपण किती समाधानी आहात, कृपया आकडा दाबा. डॉक्टरांनी काय दाबलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी चौघं केंद्रात बसले. लियाकतभाई, आसमाभाभी, डॉक्टर आणि राजमती. चौदा महिन्यांपूर्वी जे व्हायला हवं होतं ते आज होत होतं. औषधं किती प्रकारची आहेत हे ज्याला ती घ्यायची आहेत त्याला कुणीतरी नीट सांगत होतं.

"औषधं तीन जातींची आहेत," डॉक्टर म्हणाले. "तिन्ही चांगली आहेत. सोबतीतलं औषध मेंदूतली ती जागा पुरती भरतं आणि मागेल तितकं काम करतं. दुसरं दर आठवड्याला सुईनं देतात. ते जागा भरतं पण अर्धंच काम करतं. एका हद्दीपलीकडं त्याचा जोर वाढतच नाही, आणि त्याच्यावरून कुणी गोळी घेतली तर ती सहसा चढत नाही. तिसरं महिन्यातून एकदा. ते जागा बुजवून टाकतं. त्यात नशा अजिबात नाही. पण बाहेरची गोळीही लागत नाही आणि शरीराचं स्वतःचं रसायनही लागत नाही. काही जणांना गाणं त्यानं सपक लागतं."

लियाकतभाईंनी मान डोलावली. "म्हंजे खुली, गोल आन बंद."

"काय?"

"जवारी हो. खुली जवारी लई पसरती, तार म्हनंल तितकं बोलती. बंद जवारीत सूर निसता ठक करून थांबतो. आन गोल म्हंजे मधली, बोलती पन हद्दीत ऱ्हाती." त्यांनी तीन बोटं दाखवली आणि मधलं धरलं. "डॉक्टर, मला गोल द्या."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला राजमतीला आवडलं. चार वर्षं ते हीच गोष्ट लोकांना चित्रं काढून समजावत होते.

"त्यांना बंदवालं द्या," आसमाभाभी म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडं वळले.

"त्यात नशा न्हाई म्हनला न्हवं? मग तेच द्या. नशेचं औषिध नशेवर, हे मला पटत न्हाई. आन सुई आठवड्याची. एखाद्या आठवड्याला हे आलं न्हाईत तर? यंत्र दंडात असतंय तर मला झोप तरी लागती."

"बंद दिलं तर मी जगीन, आसमा," लियाकतभाई हळू म्हणाले. "पर कारखान्यात बसनारा मी नसनार."

"मला घरात बसनारा पायजे!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मग त्यांनी डॉक्टरांकडं न बघता सरळ नवऱ्याला विचारलं, "यंत्राला कळलं न्हाई, काटा सुराचा का गोळीचा. एवढं शिकल्यालं यंत्र. मग उद्या तुमच्या हातावर काटा बघितला तर मला कसं कळनार?"

तो त्या सबंध आठवड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

"मी सांगीन," लियाकतभाई म्हणाले.

"पयलेबी सांगायचासा. बरं हाय म्हनून. भुश्श्यात पडायच्या दिवशी सकाळी सांगितलासा, बरं हाय."

लियाकतभाई खाली बघत राहिले. बायकोनं खोटं ठरवलं म्हणून नाही. ती खरं बोलली म्हणून.

"तवा बरं हाय सांगायचो," ते म्हणाले. "आता बरं नसलं तर बरं न्हाई म्हनून सांगीन. पयलं तुला. मग सिस्टरला. जमंल का म्हाईत न्हाई. सवय न्हाई मला तसं बोलायची."

आसमाभाभी उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "द्या गोल."

सोमवारी सोबती काढला. पुऱ्या औषधावरून अर्ध्यावर जाताना मधले चार दिवस कठीण असतात, कारण जुनं उतरल्याशिवाय नवं देता येत नाही. लियाकतभाई ते चार दिवस केंद्रातल्या खाटेवर कुडकुडत होते. त्यांना घाम फुटत होता, हाडं ठणकत होती आणि काटा तर असा येत होता की बाह्या खाली करून झाकावा लागावा. आसमाभाभी उशाशी बसून होत्या. "ह्यो गोळीचा," लियाकतभाई दातावर दात आपटत प्रत्येक वेळी त्यांना सांगत होते. "आसमा, ह्यो गोळीचा. वळख करून ठेव." दोघं मधेच हसत होती. इतक्या हालात हसणारं जोडपं राजमतीनं क्वचितच बघितलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी तिला बाथरूममध्ये जाऊन डोळे धुवावे लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी तंबोऱ्यांची जोडी धारवाडला गेली. ती परत आली नाही.

केंद्रात राजमतीनं एक बदल करून घेतला. बारावा प्रश्न तिनं काढला नाही, वरून मागतात म्हणून आकडा घ्यावाच लागे. पण त्याच्याआधी ती आपला एक प्रश्न विचारू लागली. या औषधानं तुमचं काय नेलं? सुरुवातीला लोक दचकायचे, काही नाही म्हणायचे. मग एक ट्रकवाले म्हणाले, भूक. एक बाई म्हणाली, रडू येत नाही, आई गेली तरी आलं नाही. कुणाला दुसरं औषध लागू पडलं, कुणी सोबतीवरच खूश होतं आणि तसं ठणकावून सांगत होतं. समाधानाचा आकडा घसरून सातवर आला. वरून विचारणा झाली. त्या तिमाहीत यायचं बंद झालेल्या पेशंटांची संख्या अवघी दोन होती, हे ओजस बिडकरांनी उत्तरात लिहिलं आणि बाकी काही लिहिलं नाही.

सुईच्या आठव्या सोमवारी लियाकतभाई तासभर उशिरा आले. राजमतीनं सुई तयार ठेवली होती.

"सिस्टर, आज बरं न्हाई."

तिनं सुई खाली ठेवली.

"पोट साफ हुईना तीन दिवस झालं. सुई देता तिथं गाठ येतीया. तुमचं भायेरचं बाकडं बसायच्या लायकीचं न्हाई, मोडल्याल्या कमरंला तर मुळीच न्हाई." ते श्वास घ्यायला थांबले. "आन काल दुपारी मी मेडिकलच्या कोपऱ्यापातुर गेलो हुतो."

"गोळीसाठी?"

"कमरंत कळ मारतीया असं मनाला सांगितलं. पर गोळीसाठीच. पाच मिनटं उभा ऱ्हायलो. मग आलो परत."

"समाधान दहापैकी?"

त्यांनी खरोखर विचार केला. "चार लिवा."

तिनं चार लिहिले. टेबलावरची पाटी तांबडी झाली आणि पेशंट असमाधानी आहे, धोका संभवतो, असं सांगू लागली. राजमतीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला मान खाली घालून कापूस शोधावा लागला. चौदा महिन्यांच्या दहांपेक्षा हा चाराचा आकडा तिला कितीतरी भक्कम वाटत होता.

"घरी सांगितलंत का हे?" तिनं विचारलं.

"तिला पयलं सांगितलं. लई भांडली. रातच्याला जेवली न्हाई. आन सकाळी उठून म्हनली, चला, मीबी येते." लियाकतभाईंनी बाही वर घेतली आणि दंड पुढं केला. "भायेर बसलीया. तिला आत बोलवा. तिचीबी तक्रार हाय तुमच्याबद्दल."